लिनक्सवर चालणारा यूएसबी ऑडिओ इंटरफेस कसा निवडायचा? भजन, दशावतार आणि घरच्या रेकॉर्डिंगसाठी सोप्या भाषेत

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून कुडाळ-कणकवलीकडच्या माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलंय, कुणी मिंट, कुणी उबुंटू, आणि कपाटात पडलेला लॅपटॉप परत कामाला लागलाय. आता यातलं कुणी भजनी मंडळात पखवाज वाजवतं, कुणाचा काका दशावतारात पेटीवर असतो, कुणाला आजीच्या ओव्या नीट रेकॉर्ड करून ठेवायच्यात, आणि मग प्रश्न एकच येतो, कुठला ऑडिओ इंटरफेस घेऊ, लिनक्सवर चालेल ना? दुकानात विचारलं तर दुकानदाराला सांगता येत नाही, खोक्यावर विंडोज आणि मॅक एवढंच छापलेलं असतं, आणि हजारो रुपये घालायचे म्हटल्यावर माणूस घाबरतो. म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहितोय.

आधी हा डबा करतो काय ते. चांगल्या माइकमधून येणारा सिग्नल अगदी बारीक असतो, तो लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात घातला तर आवाज कमी आणि खरखर जास्त. इंटरफेसमधला प्रीअँप तो सिग्नल स्वच्छ वाढवतो, मग त्याचे आकडे करून यूएसबीतून लॅपटॉपला देतो, आणि लॅपटॉपकडून आलेल्या आकड्यांचा परत आवाज करून हेडफोन-स्पीकरला देतो. कंडेन्सर माइकला लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर पण हाच देतो. बस. बाकी खोक्यावर जे काय लिहिलेलं असतं त्यातलं बरंचसं सॉफ्टवेअरचं गिफ्ट असतं, आणि ते सॉफ्टवेअर बहुतेक वेळा लिनक्सवर चालतच नाही, त्यामुळे त्याचे पैसे मोजू नका. लिनक्सवर रेकॉर्डिंगला ऑडॅसिटी आहे, आर्डर आहे, रीपरची पण लिनक्सची आवृत्ती मिळते, तेवढ्यात काम होतं.

आता मुद्द्याची गोष्ट, आणि ही एक समजली की निम्मं काम झालं. यूएसबीवरून आवाज कसा पाठवायचा याचं एक सगळ्यांसाठी ठरवून दिलेलं मानक आहे, त्याला यूएसबी ऑडिओ क्लास म्हणतात. पहिली आवृत्ती १९९८ ची, दुसरी २००६ ची. जो इंटरफेस हे मानक पाळतो त्याला क्लास कंप्लायंट म्हणतात, आणि अशा डब्याला कंपनीचा वेगळा ड्रायव्हर लागत नाही, कारण लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यात, या मानकाचा ड्रायव्हर आधीच बसवलेला आहे. केबल लावली, डबा दिसला, संपलं. काही शोधायचं नाही, सीडी नाही, डाउनलोड नाही. उलट विंडोजमध्ये दुसऱ्या आवृत्तीचा स्वतःचा ड्रायव्हर २०१७ साली आला, तोपर्यंत प्रत्येक कंपनीला आपापला ड्रायव्हर द्यावा लागायचा, म्हणून लोकांच्या डोक्यात ड्रायव्हरशिवाय इंटरफेस चालतच नाही असं पक्कं बसलंय.

मग खोक्यावर लिनक्स लिहिलेलं नसताना ओळखायचं कसं? मॅकची ओळ वाचा. विंडोजसाठी ड्रायव्हर डाउनलोड करा आणि मॅकला काही लागत नाही असं लिहिलं असेल तर तो डबा जवळजवळ नक्की क्लास कंप्लायंट असतो. आयपॅडवर चालतो असं लिहिलं असेल तर अजूनच उत्तम, कारण आयपॅडवर कंपनीचा ड्रायव्हर टाकायची सोय बहुतेक इंटरफेसना नसतेच, मानकावरच चालावं लागतं. एएसआयओ ड्रायव्हर सोबत मिळेल, हे मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं ते मात्र विंडोजपुरतं आहे, आपल्याला त्याचा उपयोग शून्य आणि नुकसानही शून्य. आणि सेकंड हँड घेताना समोर टेस्ट करायचा असेल तर ओटीजी केबल (फोनला यूएसबीची वस्तू जोडायची केबल) खिशात ठेवा, अँड्रॉइड फोनला डबा लावा, फँटम बंद ठेवा कारण फोन तेवढी वीज देईलच असं नाही, आणि रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये त्या माइकचा आवाज येतो का बघा. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचंच कर्नल आहे, तिथे चालला तर लॅपटॉपवर चालायची शक्यता फार मोठी. त्याहून खात्री हवी असेल तर पेनड्राइव्हवर लाइव्ह लिनक्स टाकून न्या, विकणाऱ्याच्या लॅपटॉपवर काहीही इन्स्टॉल न करता तो पेनड्राइव्हवरून चालू होतो, आणि दहा मिनिटांत खरं-खोटं कळतं.

पण एवढ्यावर थांबू नका, कारण लोक फसतात ते इथून पुढे. डबा क्लास कंप्लायंट आहे म्हणजे आवाज आत-बाहेर जाणार, पण डब्यावरची सगळी बटणं कुठे आहेत? काही इंटरफेसमध्ये गिटार आणि माइक यातली निवड, सिग्नल कमी करायचा पॅड, हेडफोनमध्ये कोणाचा आवाज किती, हे सगळं कंपनीच्या ॲपमधूनच बदलतं, आणि ते ॲप फक्त विंडोज-मॅकला. मग आवाज येतो पण पेटीचा आवाज फाटतो आणि पॅड लावता येत नाही, अशी गत. माझं स्पष्ट मत आहे, लिनक्ससाठी घेताना ज्याचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते), फँटम, डायरेक्ट मॉनिटर (माइकचा आवाज डब्यातूनच थेट ऐकणं) आणि हेडफोनचा आवाज हे सगळं डब्यावरच हाताने फिरवता येतं तोच घ्या, जरा कमी फीचर असले तरी चालतील. दशावतारात रात्री स्टेजच्या बाजूला अंधारात बसून माउसने गेन शोधत बसण्यापेक्षा बोटाने नॉब फिरवणं केव्हाही बरं, हे लिनक्स नसलं तरी खरंच आहे.

नावं घेऊन बोलतो. बेहरिंजरचे यूएमसी २०२एचडी आणि २०४एचडी हे दोन माइकचे डबे, क्लास कंप्लायंट, सगळं हाताने फिरवायचं, वीज यूएसबीतूनच घेतात, पहिला इंटरफेस म्हणून मी यांचंच नाव सांगतो. त्यांचाच यूएमसी २२ अजून स्वस्त, पण त्यात माइक प्रीअँप एकच आणि रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतो ते) ४८ किलोहर्ट्झपर्यंतच, एकट्याच्या आवाजाला पुरतो, मंडळाला नाही. यूएमसी ४०४एचडीला चार माइक लागतात, पण त्याला वेगळा अडॅप्टर लागतो, म्हणजे लाइट गेली की रेकॉर्डिंग गेलं, इन्व्हर्टर असेल तरच.

फोकसराइटच्या स्कार्लेटची गोष्ट वेगळी आणि मला फार आवडणारी आहे. यातल्या मोठ्या मॉडेलांमध्ये बरंच काही ॲपमधूनच चालतं, उदाहरणार्थ तिसऱ्या पिढीच्या ४आय४ मध्ये इन्स्ट्रुमेंट, पॅड आणि एअर (आवाज जरा उजळ करणारा) हे तिन्ही स्विच ॲपमध्येच. कंपनीचं ॲप लिनक्सला नाही. पण जेफ्री बेनेट नावाच्या माणसाने या डब्यांचे कंट्रोल लिनक्सच्या कर्नलमध्ये आणले, आणि वर अल्सा स्कार्लेट जीयूआय नावाचं एक फुकट ॲप लिहिलं, त्यात हे सगळे स्विच आणि मिक्सर माउसने चालवता येतात. एका माणसाच्या चिकाटीमुळे जगभरच्या लिनक्सवाल्यांची सोय झाली, ओपन सोर्सचं बळ म्हणतात ते हेच. मात्र इथे तुमचं कर्नल किती नवं आहे याला फार महत्त्व येतं. ६.७ च्या आधीच्या कर्नलमध्ये हे कंट्रोल मुद्दाम एक सेटिंग देऊन चालू करावे लागायचे, ६.७ पासून आपोआप चालू असतात, आणि चौथ्या पिढीच्या सोलो, २आय२, ४आय४ चा सपोर्ट ६.८ मध्ये आला. उबुंटू २४.०४ आणि त्यावर बनलेलं मिंट २२ हे ६.८ घेऊनच आले, डेबियन १२ मात्र ६.१ वर आहे आणि डेबियन १३ हे ६.१२ वर. म्हणजे दुकानात नुकतंच आलेलं मॉडेल आणि चार वर्षं अपडेट न केलेली सिस्टम, ही जोडी टाळा. डबा जेवढा नवा तेवढं कर्नल नवं लागतं, आणि कर्नल नवं करता येत नसेल तर दोन-तीन वर्षं बाजारात असलेलंच मॉडेल घ्या.

स्कार्लेटमध्ये अजून एक गंमत आहे ज्याने लोक डबा खराब म्हणून परत पाठवतात. तिसऱ्या पिढीपासूनचा नवा डबा पहिल्यांदा लावला की तो पेनड्राइव्हसारखा दिसतो, आत रजिस्ट्रेशनची लिंक असते, आणि त्या अवस्थेत त्याची सगळी कामं उघडत नाहीत. सोलो किंवा २आय२ असेल तर ४८ व्होल्टचं बटण दाबून धरून केबल लावायची, पाच सेकंद धरायचं, की ती अवस्था जाते. परत पाठवायची गरज नाही.

मोटूचे एम२ आणि एम४ पण चांगले, स्क्रीनवर लेव्हल दिसते, सगळे नॉब डब्यावर, नव्या कर्नलवर व्यवस्थित चालतात, फक्त बजेट जास्त लागतं. युनिव्हर्सल ऑडिओचे अपोलो मात्र लिनक्ससाठी बघूच नका, कंपनीचा लिनक्स ड्रायव्हरच नाही, पण त्याच कंपनीचा व्होल्ट क्लास कंप्लायंट आहे. म्हणून कंपनी बघून घेऊ नका, मॉडेल बघून घ्या, एकाच कंपनीत दोन्ही तऱ्हा सापडतात. आणि जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारे फायरवायरचे इंटरफेस सोडून द्या, आजकालच्या लॅपटॉपला ते भोकच नसतं.

किती माइकचा घ्यायचा? डबलबारीचं, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याचं, उदाहरण घ्या, त्यातलं एक मंडळ धरा. बुवांचा माइक एक, पेटीला एक, पखवाजाला दोन कारण कणीक लावलेल्या बाजूचा घुमारा आणि शाईच्या बाजूची टणक थाप एका माइकमध्ये नीट येत नाही, आणि कोरस-झांजेला एक. झाले पाच. दोन इनपुटच्या डब्यात हे वेगवेगळं घेता येणार नाही, पण दोन कंडेन्सर माइक मंडळासमोर नीट लावले तर दोन इनपुटमध्येही फार सुंदर रेकॉर्डिंग होतं, फक्त नंतर एकट्या पखवाजाचा आवाज कमी-जास्त करता येत नाही. इथे एक सल्ला, मंडळाकडे यूएसबीवाला मिक्सर असेल तर तो बघा. यामाहा एमजी१०एक्सयूसारखे मिक्सर यूएसबी ऑडिओ क्लास दोनचे आहेत, लिनक्सला सरळ लागतात, पण लक्षात ठेवा, यूएसबीतून फक्त दोनच चॅनल येतात, म्हणजे मिक्स झालेला डावा-उजवा, दहा चॅनल दहा ट्रॅकमध्ये येणार नाहीत. प्रत्येक माइक वेगळा हवा असेल आणि मंडळ मिळून खर्च करत असेल तर बेहरिंजरचा एक्सआर१८ बघा, यूएसबीवर १८ आत १८ बाहेर, क्लास कंप्लायंट, आणि त्याचं कंट्रोल करायचं ॲप कंपनीने लिनक्ससाठी पण दिलंय, असं फार कमी कंपन्या करतात.

बिट आणि किलोहर्ट्झच्या आकड्यांमागे धावू नका. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एवढं सेटिंग ठेवा आणि विसरून जा. १९२ किलोहर्ट्झ म्हणजे फाइल चौपट मोठी, कानाला फरक नाही. २४ बिटचा खरा फायदा हा की लेव्हल खाली ठेवून रेकॉर्ड करता येतं. रूपावली शांत असते, गजराला बुवा आणि पखवाज दोघे चढतात, त्यामुळे गेन लावताना गजर डोळ्यासमोर ठेवून लावा, टोकाला वजा १२ डेसिबलच्या आसपास आवाज राहिला तरी काही बिघडत नाही, नंतर वाढवता येतो, फाटलेला आवाज मात्र परत जोडता येत नाही. जागेचा हिशोब पण सांगतो, ४८-२४ वर स्टिरिओ रेकॉर्डिंग तासाला साधारण १ जीबी, चार ट्रॅक असतील तर २ जीबी. साध्या वेव्ह फाइलला ४ जीबीची मर्यादा असते, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या बारीचं स्टिरिओ रेकॉर्डिंग एकाच फाइलमध्ये ठेवलं तर चार तासांच्या जरा पुढे अडचण येते, म्हणून मध्यंतरात थांबवून नवी फाइल सुरू करा.

लेटन्सी म्हणजे उशीर. तुम्ही गाता आणि हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज जरा मागून येतो, मग ताल सुटतो. लॅपटॉप आवाज तुकड्या-तुकड्याने घेतो, तुकडा १२८ नमुन्यांचा असेल तर ४८ किलोहर्ट्झवर २.७ मिलिसेकंद, १०२४ चा असेल तर २१ मिलिसेकंद, आणि जाऊन-येऊन हा हिशोब दुपटीहून जास्त होतो. आवाज हवेतून १० मिलिसेकंदात साधारण साडेतीन मीटर जातो, म्हणजे तेवढा उशीर हा पलीकडे बसलेल्या पखवाजवाल्याला ऐकण्याएवढाच, तो चालतो. तुकडा फार लहान केला की जुना लॅपटॉप दमतो आणि टकटक आवाज येतो. पण खरं सांगायचं तर नुसतं रेकॉर्डिंग करणाऱ्याने याची फार चिंता करायची गरजच नाही, डब्यावरचा डायरेक्ट मॉनिटर चालू करा, माइकचा आवाज लॅपटॉपपर्यंत न जाता डब्यातूनच हेडफोनला येतो, उशीर जवळजवळ नाहीच. तुकडा निवांत १०२४ ठेवा. लॅपटॉपमधून इफेक्ट लावून थेट गायचं असेल किंवा कीबोर्ड जोडून वाजवायचा असेल तरच १२८-२५६ च्या मागे लागा, आणि तेव्हा उबुंटू स्टुडिओसारखं ऑडिओसाठी आधीच तयार केलेलं लिनक्स घेतलेलं बरं पडतं.

डबा घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी काय बघायचं. लॅपटॉपच्या भोकातच केबल लावा, हबमध्ये नको, आणि सोबत आलेलीच केबल वापरा, कारण चार्जिंगच्या काही केबलमधून डेटा जातच नाही आणि मग डबा पेटतो पण दिसत नाही. साउंड सेटिंगमध्ये इनपुट-आउटपुटला त्याचं नाव दिसायला हवं. नाव दिसतं पण आवाज नाही तर अल्सामिक्सर (टर्मिनलमध्ये चालणारा आवाजाचा मिक्सर) उघडून काही म्यूट आहे का बघा. आता सगळ्यात जास्त येणारी तक्रार, ‘आवाज एकाच कानात येता!’ डबा बिघडलेला नाही हो. दोन माइकच्या इंटरफेसला लिनक्स एक स्टिरिओ जोडी समजतं, माइक एक म्हणजे डावा, माइक दोन म्हणजे उजवा, आणि तुम्ही एकच माइक लावलाय. ऑडॅसिटीत रेकॉर्डिंग मोनो करा, आर्डरमध्ये मोनो ट्रॅक घ्या, झालं. चार इनपुटचा डबा असेल आणि दोनच दिसत असतील तर पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल नावाचं छोटं ॲप टाका, त्यात कॉन्फिगरेशनमध्ये प्रो ऑडिओ प्रोफाइल निवडा, सगळे चॅनल उघडे होतात. हे पाइपवायर, म्हणजे लिनक्समध्ये आवाजाची ने-आण करणारा नवा प्रोग्राम, असलेल्या सिस्टमवर मिळतं. फेडोराने पाइपवायर २०२१ मध्ये घेतलं, उबुंटूने २२.१० पासून, मिंटने २२ पासून, म्हणजे आजची सिस्टम असेल तर ते तुमच्याकडे आहेच.

आणि आता आपल्या किनाऱ्याचं म्हणून वेगळं. वीज यूएसबीतून घेणारा डबा आणि बॅटरी धरणारा लॅपटॉप, ही जोडी आपल्याकडे सोन्यासारखी, वीज गेली तरी रेकॉर्डिंग चालू. घुंईऽऽ असा आवाज येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, बरेचदा तिथेच थांबतो. अर्थिंग धड नसेल, आणि कडक उन्हात जमीन सुकली की अर्थिंग अजून कमजोर होतं, तर चार्जर आणि पीए सिस्टम (कार्यक्रमाचे लाउडस्पीकर-अँप्लिफायर) यांच्यामधून ५० हर्ट्झचा हा घोळ फिरतो, तेव्हा पीएकडून लाइन घेताना मध्ये ग्राउंड लिफ्टवाला डीआय बॉक्स, म्हणजे सिग्नल पुढे देऊन अर्थची जोडणी तोडणारा छोटा डबा, घाला. खाऱ्या दमट हवेत जॅकच्या आत गंज धरतो आणि नॉब फिरवला की खरखरतो, म्हणून वापर नसताना डबा आणि कंडेन्सर माइक झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, पुड्या पावसाळ्यात अधूनमधून बदला, आणि माइक ओलसर वाटला तर फँटम द्यायच्या आधी सुकू द्या. विजा कडकडायला लागल्या की चार्जर, अडॅप्टर आणि पीएची लाइन तिन्ही काढून ठेवा, माइकवरचं रेकॉर्डिंग बॅटरीवर तसंच चालू राहतं.